मदत हवी आहे: हायड्रोपोनिक्समध्ये नवी पानं पिवळी, मुळं तपकिरी. खत कमी पडतंय की मुळंच गेलीत?

गच्ची_वाघोली

नमस्कार मंडळी. गेले तीन आठवडे रोज काहीतरी करून बघतोय आणि झाडं रोज थोडी जास्त खराब होताहेत. जाणकारांनी कृपया वाचावं, म्हणून सगळं तपशिलात लिहितो.

पुण्यात वाघोलीला गच्चीवर चार पाइपांची एनएफटी आहे, म्हणजे माती नाही, पाइपातून खताच्या पाण्याची पातळ धार मुळांखालून वाहते. तीन इंची पीव्हीसी, प्रत्येकी दहा फूट, एकूण ६४ भोकं. खाली १०० लिटरचा निळा ड्रम, पंप टायमरवर १५ मिनिटं चालू आणि ४५ मिनिटं बंद. लेट्यूस, पालक आणि इटालियन तुळस. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, तिला खाली बसून कुंड्या करता येत नाहीत, म्हणून पाइप मुद्दाम कमरेच्या उंचीवर बसवले. जानेवारीपासून ती रोज सकाळी उभ्यानं पालक खुडत होती. हे बंद पडू द्यायचं नाहीये मला.

जानेवारी-फेब्रुवारीत सगळं उत्तम होतं. मार्चअखेर सोसायटीचं पाणी कमी झालं आणि टँकरचं पाणी वापरायला लागलो. त्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, पीपीएममध्ये) ५८०. त्याच सुमारास ए-बी द्रावण (ए आणि बी अशा दोन भागांत येणारं हायड्रोपोनिक्सचं खत) संपत आलं, म्हणून अर्धं ते आणि अर्धं १९:१९:१९ (नत्र-स्फुरद-पालाशचं विरघळणारं खत) असं चालू केलं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लेट्यूस आणि तुळशीची कोवळी पानं पिवळी पडली. शिरा हिरव्या, मधला भाग फिकट. खालची जुनी पानं मात्र ठीक. मला वाटलं खत कमी पडतंय, म्हणून टीडीएस ८०० वरून १२०० केला, मग १५००. पिवळेपणा गेला नाही, उलट पानांच्या कडा करपल्या. मग एप्सम सॉल्ट फवारलं. फरक शून्य.

आता चार दिवसांपासून पाइपात पाणी वाहत असूनही झाडं दुपारी माना टाकतात आणि संध्याकाळी परत उभी राहतात. काल पालकाचा नेट पॉट (भोकात बसणारी जाळीची कुंडी) उचलला तर मुळं तपकिरी, बुळबुळीत, डबक्यासारखा वास. पाइपाच्या शेवटच्या टोकाची झाडं सर्वांत वाईट आहेत. पीएचच्या थेंबांनी रंग हिरवा-निळा येतो, म्हणजे साडेसात ते आठ. शेजाऱ्यांच्या माशांच्या टाकीचा थर्मामीटर दुपारी तीन वाजता ड्रममध्ये धरला, तर ३४ अंश.

आधी कशाकडे बघू? सगळं उपटून नव्यानं लावायचं का?

गावाकडची_माती

जीवामृत गाळून टाका दादा, लिटरमागे थोडं थोडं. आमच्या परसात मुळांना फार छान लागू पडतं.

मातीविना

कृपया टाकू नका. मातीत जीवामृत चांगलंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण शेण, गूळ आणि बेसन पाण्याच्या ड्रममध्ये गेलं की जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात. यांच्या मुळांना आत्ता तोच तर मिळत नाहीये.

सविस्तर रात्री लिहिते. तोवर एक करा. तपकिरी मूळ दोन बोटांत हलकेच धरून ओढा. वरचं साल मोज्यासारखं निघून आत दोऱ्याएवढी पांढरी शीर उरली, तर ती मूळकूज आहे. साल घट्ट असेल आणि वास नसेल, तर नुसता खताचा डाग असू शकतो.

गच्ची_वाघोली

पालकाचं साल लगेच निघालं, दोराच हातात आला. तुळशीची मुळं वर पांढरी, खाली तपकिरी. लेट्यूसची निम्मी-निम्मी.

निफाडची_बाग

मी द्राक्षवाला, हायड्रोपोनिक्सचा अनुभव नाही. पण पान मला वाचता येतं.

दादा, कमतरता कुठल्या पानावर दिसली ते आधी बघायचं. नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम झाडाच्या आत फिरतात. कमी पडले की झाड जुन्या पानातून काढून शेंड्याला देतं, म्हणून आधी खालचं पान बिघडतं. नत्र असेल तर अख्खं पान सारखं पिवळं, मॅग्नेशियम असेल तर शिरांच्या मधे पिवळं, पालाश असेल तर कडा जळतात. लोह आणि कॅल्शियम एकदा पानात बसले की हलत नाहीत, त्यामुळे कोवळं पानच उघडं पडतं. तुमचं कोवळं पान पिवळं, शीर हिरवी. हे लोह आहे. एप्समनं फरक पडणारच नव्हता, त्यात मॅग्नेशियम असतं.

पण लोह टाकायची घाई नको. आमच्याकडे चुनखडीच्या रानात सोयाबीन, भुईमूग असाच पिवळा पडतो. लोह रानात असतं, पण पीएच चढा असल्यानं मुळाला उचलता येत नाही. तुमच्या पाण्याचं तेच झालंय. द्रावणातलं लोह बहुधा ईडीटीए चिलेटचं असणार. चिलेट म्हणजे लोहाला विरघळलेलं धरून ठेवणारं संयुग. साडेसहाच्या वर त्याची पकड सुटत जाते आणि लोह तळाशी बसतं. डीटीपीए सातच्या आसपास टिकतं, ईडीडीएचए त्याच्याही बरंच वर. डब्यावर कुठलं चिलेट आहे ते वाचा.

मातीविना

निफाडच्या दादांनी पानाचं अचूक सांगितलं. आता मुळाचं बघू, कारण माझ्या मते खरं दुखणं तिथे आहे. तळेगावकडे आमचं छोटं शेडनेट आहे. पहिल्या उन्हाळ्यात आम्हीही हेच भोगलंय.

२० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३४ अंशांना जेमतेम ७. आणि पाणी तापलं की मुळांची श्वासाची गरज उलट वाढते. त्यात तुमचा पंप ४५ मिनिटं बंद. तेवढ्यात पाइपातली पातळ धार आटते नाहीतर खोलगट जागी साचते. तापलेली, गुदमरलेली मुळं पिथियमला, म्हणजे मूळकूज करणाऱ्या बुरशीसारख्या जीवाला, आयती सापडतात. शेवटच्या टोकाची झाडं आधी गेली ती यामुळेच. तिथवर पोचेपर्यंत पाणी सर्वांत गरम झालेलं असतं आणि वरच्या झाडांनी त्यातला प्राणवायू घेतलेला असतो. दुपारी माना टाकणं हेही तेच, पाणी आहे पण प्यायला मूळ नाही.

आता टीडीएस. तुमच्या १५०० मधले ५८० तर टँकरचेच, ते खत नाही. त्यातले बायकार्बोनेट पीएच सारखा वर ओढत राहतात. लेट्यूसला एकूण ६०० ते ७०० पुरतात, म्हणजे ईसी (पाण्याची विद्युतवाहकता, क्षार मोजायचं दुसरं माप) १.२ ते १.४. (हा हिशोब १ ईसीला ५०० दाखवणाऱ्या मीटरचा. काही मीटर ७०० दाखवतात, तुमचं कुठलं ते बघून घ्या.) आजारी मुळाभोवती क्षार वाढवले की मुळाला पाणी ओढणं आणखी अवघड होतं. कडा करपल्या त्या त्यामुळे. खत वाढवणं हा चुकीचा उपाय होता, पण तुम्ही आकडे लिहून ठेवलेत म्हणून इथे बसून हे सांगता येतंय.

आणि १९:१९:१९ आजपासून बंद. त्यातलं अर्ध्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं. मातीत जिवाणू त्याचं रूपांतर करतात, तुमच्या पाइपात ते पुरेसं होत नाही. शिवाय त्यात कॅल्शियम नाही, मॅग्नेशियमही नाही.

मी तुमच्या जागी असते तर आज संध्याकाळी ऊन उतरल्यावर हे केलं असतं. पालक पूर्ण काढून टाका, ती वाचणार नाही. लेट्यूस आणि तुळशीची मेलेली मुळं स्वच्छ कात्रीनं कापा, पांढरी ठेवा, बादलीत साध्या पाण्यात उभी करा. ड्रम ओता. पाइप ब्रशनं घासा, पातळ ब्लीचचं पाणी अर्धा तास फिरवा आणि वास जाईपर्यंत धुवा. ब्लीच आणि ॲसिड चुकूनही एकत्र येऊ देऊ नका, विषारी वायू होतो. पाइपांचा उतारही तपासा, मधे झोळ पडला असेल तर तिथे आधार द्या.

नवं पाणी तीन भाग आरओचं, एक भाग टँकरचं. आरओ मशीन बाहेर टाकतं ते पाणी नव्हे, गाळलेलं. म्हणजे सुरुवातीचा टीडीएस दीडशेच्या आसपास राहील. त्यात ए टाका, ढवळा, मग बी. दोन्ही घट्ट द्रावणं थेट एकमेकांत मिसळली तर कॅल्शियमचा पांढरा साका बसतो आणि तो झाडाच्या कामाचा राहत नाही. पहिला आठवडा ४५० च्या वर जाऊ नका. शेवटी पीएच फॉस्फोरिक ॲसिडनं ५.८ ते ६.२ वर आणा, हातमोजे घालून, पाण्यात ॲसिड थेंबाथेंबानं. लिंबू नको, दोन दिवसांत पीएच परत चढतो.

पंप दिवसभर सलग, रात्री टायमर चालेल. ड्रममध्ये एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडा. ड्रम सावलीत न्या, पोतं गुंडाळून ओलं ठेवा. वर ५० टक्क्यांची शेडनेट आणि पाइपांना पांढरा रंग.

नवीन_कुंडीवाली

हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं तर चालतं ना? सगळीकडे तेच वाचलंय.

मातीविना

मेडिकलमधलं ३ टक्क्यांचं लिटरमागे ३ मिली एखाद्या वेळी चालतं, पण पाणी गरमच राहिलं तर कूज परत येते. ट्रायकोडर्मा (मुळांना जपणारी उपयोगी बुरशी) वापरणार असाल तर पेरॉक्साइड नको. ते चांगलं-वाईट काहीच सोडत नाही.

गच्ची_वाघोली

मनापासून आभार. रात्री दीडपर्यंत सगळं धुतलं. पाइप क्रमांक तीनला मधे झोळ होता, तिथे चक्क गाळ साचलेला. ६४ पैकी २९ झाडं वाचवण्यासारखी होती. पीएच मीटर मागवलाय. पाकिटात ४.०० आणि ६.८६ च्या पुड्या आहेत, दोन्ही वापरायच्या का?

निफाडची_बाग

दोन्ही. आधी ६.८६, मग ४.००. आणि मीटरचं टोक कोरडं ठेवू नका.

गच्ची_वाघोली

बारा दिवसांनंतरचं सांगतो.

दुपारी ड्रम आता २७-२८ अंश. पोतं आईच ओलं करते, दिवसातून तीन वेळा. पीएच पहिल्या आठवड्यात रोज ०.३ चढत होता, आता ०.१. रोज संध्याकाळी पाण्याची पातळी, टीडीएस आणि पीएच वहीत लिहितोय. पातळी उतरून टीडीएस वाढलेला दिसला की नुसतं आरओचं पाणी घालतो.

पाचव्या दिवशी लेट्यूसच्या बुडाशी पांढऱ्या मुळ्या दिसल्या, केसांइतक्या बारीक. नव्या पानांपैकी पहिलं फिकटच आलं, दुसरं हिरवं. द्रावणाच्या डब्यावर ईडीटीएच लिहिलंय, पण पीएच सहावर असल्यानं वेगळं लोह टाकावं लागलं नाही. जुनी करपलेली पानं काढून टाकली. २९ पैकी २४ झाडं उभी आहेत. तुळस सर्वांत जोमात.

एक प्रश्न उरलाय. पाइपांतली चाळीस भोकं रिकामी आहेत आणि आईला तिथे पुन्हा पालक हवीय. मे महिन्यात लावू का?

मातीविना

२४ वाचली, फार बरं वाटलं वाचून!

पालक पाऊस पडून पाणी थंड होईपर्यंत थांबवा. लेट्यूससुद्धा मेच्या उन्हात तुऱ्यावर येतं आणि कडू होतं, आहे तेवढं काढून खा. आईंना लाल माठ आवडतो का? तो उन्हाला दबत नाही, तीन-चार आठवड्यांत खुडायला येतो आणि उभ्यानं खुडता येतो. एका भोकात चार-पाच बिया टाका. एका पाइपाच्या टोकाला मयाळू लावून कठड्यावर चढवा. मात्र तिची मुळं पाइप भरून टाकतात, म्हणून ती शेवटच्याच भोकात, पाणी बाहेर पडतं तिथे.

गच्ची_वाघोली

माठ म्हटल्यावर आई लगेच बी शोधायला उठली. गावाहून आणलेली पुरचुंडी आहे तिच्याकडे, मागच्या वर्षीची. उगवण बघायला आज वीस बिया ओल्या फडक्यात बांधून ठेवतोय.