मदत हवी आहे: डॉकिंगमध्ये रेझिस्टन्स दिसतच नाहीये

फार्माकन्या
एम.फार्म. शेवटचं वर्ष, पुणे. इमॅटिनिब हे सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरचं औषध, एबीएल प्रोटीनमध्ये बसून त्याला अडवतं. त्या प्रोटीनच्या टी३१५आय म्युटेशनवर (३१५ नंबरला थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसिन) चालतील अशी त्याची ॲनालॉग्ज, म्हणजे थोडे बदललेले रेणू, डिझाइन केलीत. ऑटोडॉक विनावर डॉकिंग केलं (रेणू प्रोटीनमध्ये कसा आणि किती घट्ट बसेल ते कॉम्प्युटरवर बघणं) तर साध्या प्रोटीनवर आणि म्युटंटवर स्कोअर जवळजवळ सारखेच. बरं खुद्द इमॅटिनिबचाही तसाच येतोय, आणि ते म्युटंटवर चालत नाही हे तर सगळ्यांना माहितीये. गाइड म्हणतात सॉफ्टवेअर बदल. कुठलं घेऊ? फुकटातलं सांगा, सोमवारी प्रेझेंटेशन आहे, प्लीज लवकर.

टर्मिनल_प्रेमी
स्ट्रक्चर कुठलं? म्युटंट कुठून आणला? ग्रिड बॉक्स (शोधायची जागा) केवढा? रीडॉकिंग, म्हणजे क्रिस्टलमधलाच रेणू परत बसवून बघणं, केलं का? काहीच न सांगता सॉफ्टवेअरला दोष देऊन कसं चालेल.

कोथरूडचा_बंड्या
ग्लाइड घ्या, डोळे झाकून. आमच्या कंपनीत तेच वापरतात.

टर्मिनल_प्रेमी
@बंड्या लायसन्स तुमची कंपनी देणारे का त्यांना?

मनोहरकाका
ताई, माझ्या मेहुण्यांना हाच आजार आहे, सीएमएल. काळजी करू नका. गोळी जेवणाबरोबर आणि ग्लासभर पाण्यासोबत घ्यायची, चुकवायची नाही, म्हणजे पोटाला त्रास कमी होतो.

फार्माकन्या
काका मी पेशंट नाहीये, प्रोजेक्ट आहे 🙏
स्ट्रक्चर २जीक्यूजी (प्रोटीन डेटा बँकेतला कोड). पायमॉलमध्ये ३१५ चं थ्रिओनिन काढून आयसोल्युसिन केलं. पाणी काढलंय हो, तेवढं कळतं. फाइल सीनियरकडून आलीये, त्यावर तिचा पेपरही झालाय.

जुना_केमिस्ट
पेपर झाला म्हणजे फाइल बरोबर असं कुठे लिहिलंय? २जीक्यूजीमध्ये डासाटिनिब हे दुसरं औषध बसलंय, ते डीएफजी-इन स्ट्रक्चर आहे, म्हणजे डीएफजी हा प्रोटीनचा छोटा तुकडा आत वळलेला. इमॅटिनिबला डीएफजी-आउट लागतं, म्हणजे त्याला जिथे शिरायचंय तो खिसाच तुमच्या फाइलीत बंद आहे. मग विना बिचारं मिळेल तिथे चिकटवून एक आकडा देणारच, दोन्हीकडे सारखा. २एचवायवाय घ्या, त्यात इमॅटिनिबच आहे. म्युटंट हाताने बनवू नका, ३आयके३ खरा टी३१५आय क्रिस्टल आहे, टी३१५आयवरही चालणाऱ्या पोनॅटिनिबसकट. आणि स्कोअर राहू द्या, पोज बघा, म्हणजे रेणू कसा बसलाय ते. मेट३१८ (३१८ नंबरचं मेथिओनिन) शी हायड्रोजन बाँड दिसतोय का? ग्लू२८६, ॲस्प३८१ शी?
आणि हो, रेणूत बदल नक्की कुठे केलेत?

फार्माकन्या
इमॅटिनिबच्या पायपरॅझिन रिंगच्या टोकाला वेगवेगळे ग्रुप लावलेत. सिंथेसिसला सोपं पडतं.

जुना_केमिस्ट
सोपं आहेच, पण ते टोक ३१५ पासून बरंच लांब आहे. इमॅटिनिबचा मधला एनएच थ्रिओनिनशी बाँड करतो. आयसोल्युसिन आलं की तो बाँड गेला, वर त्याची साइड चेन आडवी येते. दारात सोफा अडकलाय आणि तुम्ही त्याच्या मागच्या पायांना पॉलिश करताय. पोनॅटिनिबमध्ये त्याच जागी कार्बन-कार्बन ट्रिपल बाँड आहे, सरळ आणि सडपातळ, आयसोल्युसिनच्या बाजूने निघून जातो.

टर्मिनल_प्रेमी
पोनॅटिनिबचं कौतुक पुरे. २०१२ ला मंजुरी आणि २०१३ ला रक्ताच्या गुठळ्यांमुळे अमेरिकेत विक्री काही काळ थांबवावी लागली. त्या जागेशी भांडायचंच कशाला, ॲसिमिनिब या औषधासारखं मिरिस्टॉइल पॉकेट, म्हणजे प्रोटीनवरचा दुसराच खिसा, धरा की. ५एमओ४ उघडा, फक्त तिथे ३१५ शोधत बसू नका, नंबरिंग १९ ने पुढे आहे, ३३४ बघा.

जुना_केमिस्ट
आणि सोमवारपर्यंत अख्खा स्कॅफोल्ड (रेणूचा सांगाडा) बदलायचा का त्यांनी? काहीही.

पाषाण_रोड
डॉकिंगवर कोण विश्वास ठेवतं आता. विद्यापीठात एनसीसीएस ही पेशींवर संशोधन करणारी संस्था आहे, तिथून के५६२ ही सीएमएलची सेल लाइन मागवा, आयसी५० (पेशींची वाढ निम्मी करणारा डोस) काढा, विषय संपला.

टर्मिनल_प्रेमी
के५६२ मध्ये बीसीआर-एबीएल (सीएमएलमध्ये बनणारं जोड प्रोटीन) साधं असतं, टी३१५आय नाही. त्यावर काय सिद्ध होणार? टी३१५आय घातलेल्या बीए/एफ३ या उंदराच्या पेशी लागतील.

मनोहरकाका
हळदीतल्या कर्क्युमिनवर पण बघा ना कोणीतरी. आपल्याकडे एवढं ज्ञान पडलंय.

जुना_केमिस्ट
काका, कर्क्युमिन जवळपास प्रत्येक टेस्टमध्ये पॉझिटिव्ह दिसतं, तोच तर त्याचा प्रॉब्लेम आहे. वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

कोथरूडचा_बंड्या
ॲनालॉग म्हणजे पेटंटचंही बघून ठेवा. २०१३ ला सुप्रीम कोर्टाने इमॅटिनिबच्याच बीटा क्रिस्टलचं पेटंट नाकारलं होतं, पेटंट कायद्याच्या कलम ३(डी) खाली.

टर्मिनल_प्रेमी
त्यांना आधी पीपीटी करू द्या रे.

फार्माकन्या
२एचवायवायमध्ये इमॅटिनिब रीडॉक केलं, क्रिस्टलमधल्या पोजवर बसलं, आरएमएसडी (दोन पोजमधला सरासरी फरक) २ अँगस्ट्रॉमच्या आत आहे. ३आयके३ मध्ये मात्र उलटं वळून बसतंय, ३१८ चा बाँड नाही. स्कोअर अजूनही फार पडलेला नाही पण. गाइडना टेबलच हवाय, त्यांना काय सांगू?

जुना_केमिस्ट
टेबल लावा, शेजारी दोन्ही पोजची चित्रं लावा. आणि पायपरॅझिनवाली ॲनालॉग्ज किती आहेत एकूण? सगळी परत चालवायला लागतील.