मदत हवी आहे: व्हॅक्युम फॉर्म्ड किट, धडाचे दोन अर्धे जुळत नाहीत

उंचभरारी:
विमानाच्या मॉडेलचं व्हॅक्युम फॉर्म्ड किट घेतलंय, म्हणजे तापवलेला प्लॅस्टिकचा पत्रा साच्यावर ओढून त्यात भाग उठवलेले. भाग कापले, घासले. पण धडाचे दोन्ही अर्धे एकत्र धरले की विमान सुजल्यासारखं दिसतंय. इंजिनात हवा घेणारी बाजूची तोंडं नीट टेकत नाहीत, पंखांची मागची कड तर भलतीच जाड. पुट्टी कुठली लावू? जरा लवकर सांगा, रविवारी जोडून टाकायचंय.

कोकणकडा:
विमान कुठलं? स्केल काय?

उंचभरारी:
एचएफ-२४ मारुत, आपलं भारतीय लढाऊ जेट. खोक्यावर स्केल लिहिलेलं नाही.

कोकणकडा:
पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत मोजा. खऱ्या मारुतचा विस्तार ९ मीटर. साडेबारा सेंमी भरला तर १:७२.

त्रिमिती:
कशाला एवढी डोकेफोड? थ्रीडी फाइल मिळवा आणि रेझिनमध्ये प्रिंट करून घ्या. मी गेली काही वर्षं तेच करतोय. घासकामच नाही.

सांधेजोड:
त्रिमिती, त्यांच्या हातात जे किट आहे त्याचं काय करायचं ते विचारलंय त्यांनी. आणि प्रिंटच्या रेषा तुम्ही काय फुंकून घालवता का?

उंचभरारी, पुट्टीला हात लावू नका. आधी सांगा, भाग कापायच्या आधी कडेने पेन्सिलीची रेघ मारली होती का? आणि किती घासलंत?

उंचभरारी:
रेघ नाही मारली. पत्र्यातून भाग सुटे केले आणि कापलेली कड गुळगुळीत होईपर्यंत घासलं. विस्तार साडेबाराच भरला.

सांधेजोड:
मग दुखणं तिथेच आहे. साच्यावरून उठलेला भाग पत्र्याच्या वरच्या पृष्ठभागापासून सुरू होतो. खाली उरते ती पत्र्याची जाडी, आणि ती सगळी घासून जायला हवी. पत्रा १ मिमीचा असेल तर दोन अर्ध्यांचे मिळून २ मिमी जास्तीचे. १:७२ मध्ये म्हणजे खऱ्या विमानात १४ सेंमी! मारुतची कंबर एरिया रूलमुळे (ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून पंखांपाशी धड बारीक ठेवायचं, हा नियम) मुद्दाम आवळलेली आहे, म्हणून तिथे ते लगेच डोळ्यात भरतं.

भागाची भिंत जिथे पत्र्याला मिळते त्या कोपऱ्यात आत्ता पेन्सिल फिरवा. जाड काचेवर २२० चा वॉटर पेपर चिकटवा, पाणी घ्या आणि भाग पालथा ठेवून आठच्या आकड्यात फिरवा. थोड्या थोड्या वेळाने भाग उलट दिशेला वळवा, नाहीतर बोटांचा दाब एकाच बाजूला पडून ती बाजू जास्त झिजते. रेघेजवळ आलात की बाहेरची पट्टी कागदासारखी पातळ होते आणि आपोआप सुटायला लागते. तिथे थांबायचं, पुढे ४०० चा कागद.

पंखांचे अर्धे आतल्या बाजूने घासा. मागची कड उजेडासमोर धरल्यावर प्रकाश आरपार दिसायला लागला की जमलं.

एक_सातारकर:
जोडायला सुपरग्लू वापरा, दोन मिनिटांत काम.

सांधेजोड:
अजिबात नको. सुपरग्लूचा जोड ठिसूळ, आणि वाळला की आजूबाजूच्या प्लॅस्टिकपेक्षा कडक, घासताना उंचवटा राहतो. पातळ लिक्विड सिमेंट प्लॅस्टिकच विरघळवून एकजीव करतं.

एक_सातारकर:
माझं हंटर जेटचं मॉडेल सुपरग्लूवर उभं आहे, आजवर फाटलेलं नाही.

कोकणकडा:
हंटर इंजेक्शन मोल्डेड (वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात दाबून केलेलं) असणार. त्यात जोडाला खुंट्या असतात. इथे पातळ कडेवर कड टेकवायची आहे, आतून आधार नसेल तर कुठलाही गोंद कमीच पडेल. उरलेला पत्रा फेकू नका, उंचभरारी. त्याच्याच पट्ट्या कापून एका अर्ध्याच्या आतल्या कडेला चिकटवा, अर्ध्या बाहेर डोकावतील अशा. मध्ये दोन-तीन आडव्या भिंतीही घाला.

रनवे२७:
मारुत म्हटलं की त्याचे जर्मन रचनाकार कुर्ट टांक आठवतात. पहिलं उड्डाण जून १९६१. मनासारखं इंजिन मिळालं असतं तर हे विमान कुठल्या कुठे गेलं असतं. दोन ऑर्फियस ७०३ इंजिनांवर भागवावं लागलं, याचं फार वाईट वाटतं.

त्रिमिती:
इंजिन हे एकच कारण नव्हतं.

रनवे२७:
मुख्य कारण तेच होतं. धड ज्या वेगासाठी आखलं त्याला पुरेल एवढा जोर त्या इंजिनांत नव्हता. तरी १९७१ मध्ये राजस्थानच्या आघाडीवर लढलंच ना! वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक ठेवलंय. उंचभरारी, मुंबईत असाल तर हवेच्या तोंडांचे फोटो तिथेच काढा. तोंडातला अर्धा शंकू मॉडेलमध्ये नेमका चुकतो.

उंचभरारी:
मुंबईतच आहे, शनिवारी जातो. कंबरेजवळ कॅलिपर लावला, खरंच जवळपास २ मिमी जास्त आहे. एक अर्धा घासायला घेतलाय, शेपटीकडची पट्टी सुटायला लागली. पण नाकाजवळ अजून जाड आहे. तिथे जोर लावू का?

सांधेजोड:
जोर नको. सुटलेल्या टोकाखाली कागद उरणार नाही असा भाग काचेच्या काठाबाहेर सरकवा आणि फक्त नाकाकडचा भाग घासा. आणि जोडायच्या आधी नाकात शिशाचे छर्रे भरा. नाकाखाली चाक असलेलं तीनचाकी विमान आहे, नाकात वजन नसेल तर शेपटीवर बसेल.

एक_सातारकर:
छर्रे सुपरग्लूने चिकटवले तर चालतील ना?

सांधेजोड:
हो, तिथे चालेल.