वाळक्या काडीला लटकलेल्या निळ्या पट्ट्यांच्या माशा मेल्यात का?

रानजाई:
संध्याकाळ झाली की बागेतल्या एका वाळक्या काडीवर माशा ओळीने लटकलेल्या दिसतात. पोटावर चकचकीत निळे पट्टे. काडी पायांनी नाही, तोंडाने धरलेली! जराही हलत नाहीत. पोळं जवळच असेल तर काढून टाकावं का? घरात लहान मूल आहे.

भृंगराज:
झोपल्यात हो त्या! ही अमेजिला, एकांडी माशी, आणि काडीवरचे बहुतेक सगळे नर. माद्या रात्री आपापल्या बिळात असतात, नरांना घरच नाही. म्हणून जबड्याने काडी पकडून रात्र काढतात, पुष्कळदा रोज त्याच जागी. ती काडी कृपा करून छाटू नका.

पोळं शोधू नका, ते नसतंच. राणी नाही, कामकरी नाहीत. प्रत्येक मादी एकटीच मऊ मातीत बीळ खणते, आतल्या कोठड्यांना पाणी झिरपू नये असा मेणकट लेप देते, मकरंदात कालवलेला पराग भरते, एक अंडं घालते आणि तोंड लिंपून टाकते. सगळं एकटीने! मला या जिवाचं फार अप्रूप आहे.

मुलाची काळजी नको. नरांना नांगी नसते. मादीला असते, पण ती अंगावर धावून येत नाही. चिमटीत धरली तर मात्र डसेल.

परसबाग:
वांगी लावली असतील तर हिला जपाच. वांग्याचा पराग परागकोशात कोंडलेला असतो, टोकाला फक्त बारीक छिद्रं. ही फुलाला बिलगून अंग थरथरवते आणि पराग बाहेर पाडते. मधमाशीला हे जमत नाही. ऑस्ट्रेलियातल्या अशाच एका माशीचं संथगती चित्रण झालंय, ती सेकंदाला सुमारे ३५० वेळा परागकोशावर डोकं आपटते.

रानजाई:
भिंतीलगत मोकळ्या मातीत छिद्रं सापडली! पण तिथे निळ्या ठिपक्यांची दुसरीच माशी घुटमळतेय.

भृंगराज:
ठिपके असतील तर बहुधा थायरिअस. कोकिळा जशी कावळ्याच्या घरट्यात, तशी ही अमेजिलाच्या कोठडीत अंडं घालते आणि तिची अळी तो साठा फस्त करते. वाईट वाटतं, पण मारू नका. यजमान माशी असेल तिथेच ती टिकते, म्हणजे तुमच्याकडे अमेजिला बऱ्यापैकी असणार. तेवढ्या पट्ट्यात फरशी घालू नका, खणू नका, औषध फवारू नका.