डेथ व्हॅलीतील जुनी उपाहारगृहे आणि साध्या खोल्या: ही हळहळ रास्त आहे का?

‘वाळूचा माग’ (टोपणनाव) यांचा मूळ लेख; पुढे इतर वाचकांचे त्यांच्या टोपणनावांनी प्रतिसाद

कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानात फर्नेस क्रीक येथे, समुद्रसपाटीच्या सुमारे ६० मीटर खाली, ‘रँच’ नावाने ओळखली जाणारी जुनी वस्ती आहे. झब्रिस्की पॉइंटवरचा सूर्योदय पाहून आलेले प्रवासी, रस्त्यांची डागडुजी करणारे कामगार आणि उद्यानाचे रेंजर तिथल्या ‘फोर्टी नाइनर कॅफे’त शेजारीशेजारी बसून अंडी-बटाट्याची न्याहारी करत असत. जवळच ‘रँग्लर’ हे स्टेकहाउस आणि ‘कॉर्कस्क्रू’ हे मद्यगृह होते. २०१८ साली पूर्ण झालेल्या नूतनीकरणात ही तिन्ही नावे गेली आणि त्यांच्या जागी कमानींचा, स्पॅनिश मिशन शैलीतला (जुन्या स्पॅनिश ख्रिस्ती मठांच्या धर्तीचा) एक चौक उभा राहिला. ‘रँच १८४९’ हा बुफे आणि ‘लास्ट काइंड वर्ड्स’ हे नवे मद्यगृह आता त्या चौकात आहे. संपूर्ण वसाहतीला ‘ओअ‍ॅसिस’ असे नाव मिळाले. या बदलाचे मला मनापासून वाईट वाटते आणि त्याची कारणे इथे नीट मांडायची आहेत.

पहिले कारण इतिहासाचे आहे. मिशन शैली त्या खोऱ्यात परकी नाही, पण ती टेकडीवरच्या ‘फर्नेस क्रीक इन’ची आहे. बोरॅक्स म्हणजे टाकणखार खणून काढणाऱ्या पॅसिफिक कोस्ट बोरॅक्स कंपनीने १९२७ साली आगगाडीने येणाऱ्या श्रीमंत पाहुण्यांसाठी ते हॉटेल उघडले. खालची रँच मुळात शेत होती, गुरांची आणि अल्फाल्फा गवताची जागा होती, आणि १९३० च्या दशकात ज्यांना वरचे हॉटेल परवडत नव्हते अशा प्रवाशांसाठी तिथे साध्या केबिन सुरू झाल्या. खोऱ्यातली सर्वांत जुनी इमारत मानले जाणारे, १८८३ चे लाकडी बोरॅक्स कार्यालय १९५४ साली इथेच आणून त्याचे संग्रहालय केले, ते या जागेच्या साधेपणाला शोभत होते. आता खालच्या जागेलाही वरच्या जागेचा पोशाख चढवला आहे. एकाच खोऱ्यात मालकाचा बंगला आणि मजुराची बराक दोन्ही वेगळ्या ओळखू येत होत्या, ती ओळख पुसली गेली.

दुसरे कारण पैशाचे आहे. लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरातील अनेक मराठी कुटुंबे नाताळच्या सुट्टीत तिथे जातात, आणि आईवडिलांना घेऊन जायचे म्हटले की साधी खोली आणि साधे जेवण हाताशी असणे फार महत्त्वाचे ठरते. अशी सोय बाहेर शोधायची तर बिटी हे गाव तिथून सुमारे ६५ किलोमीटरवर आहे, पॅरम्प त्याहून दूर. अंधारात वाळवंटी रस्त्याने एवढे अंतर रोज जाऊन-येऊन करणे ज्येष्ठांना जमत नाही. बदल करणाऱ्यांनी या माणसांचा विचार केला असता, तर निदान एक साधा कॅफे जपला असता.

खारवट

आपली भावना प्रामाणिक आहे, परंतु ज्या जुन्या काळाबद्दल आपण हळहळता तो काळ कोणी आणि कशासाठी घडवला हे पाहिले पाहिजे. १९२७ साली बोरॅक्स कंपनीने आपले खाणकाम मोहावी वाळवंटात, पुढे ज्या जागेला बोरॉन नाव पडले तिथे हलवले. डेथ व्हॅलीतील छोट्या रेल्वेला माल उरला नाही, म्हणून डब्यांतून पर्यटक न्यावेत असे ठरले. रायन येथील खाण कामगारांच्या इमारतींचेही हॉटेल करण्यात आले. काही वर्षांत तो रेल्वेमार्ग बंद पडला आणि हॉटेले तेवढी राहिली. म्हणजे ज्याला आपण परंपरा म्हणता तो एका कंपनीचा व्यवहार होता, आणि २०१८ चा बदल हाही कंपनीचाच व्यवहार आहे. पहिला पवित्र आणि दुसरा अपवित्र, हा भेद मला पटत नाही.

त्याहून गंभीर बाब अशी की या हळहळीत टिंबिशा शोशोनी या खोऱ्यातल्या मूळनिवासी लोकांचा उल्लेखही नाही. फर्नेस क्रीक ही त्यांची वस्ती. इनच्या मातीच्या विटा त्यांच्याच हातांनी पाडल्या गेल्या. १९३३ साली तिथे राष्ट्रीय स्मारक झाले आणि १९३६ च्या सुमारास त्यांना एका छोट्या वसाहतीत मातीची घरे बांधून देण्यात आली. पुढे ती माणसे उन्हाळ्यात डोंगरात गेली की मोकळी दिसणारी घरे उद्यान प्रशासनाने पाण्याचे फवारे मारून पाडली. आपल्या कॅफेच्या पाटीवर नवे नाव आले म्हणून आपण दुःखी होता. त्या लोकांच्या घराच्या भिंती विरघळवल्या गेल्या. त्यांना स्वतःच्या भूमीचा कायदेशीर हक्क मिळायला २००० साल उजाडावे लागले. डेथ व्हॅलीतील जुन्या निवाऱ्यांची चर्चा करायची असेल, तर ती त्या भिंतींपासून सुरू व्हावी असे मला वाटते.

तिसरी पाळी

मी इमारतींच्या वातानुकूलनाचे काम करतो, म्हणून एकच मुद्दा जोडतो. ऑगस्ट २०२० मध्ये फर्नेस क्रीकला ५४.४ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. अशा हवेत जुन्या केबिनमधले पातळ छत, खिडकीतले यंत्र आणि जुने नळ टिकवून धरणे ही जोखीम आहे, आणि ती जोखीम नेमकी त्या वृद्ध पाहुण्यांवर पडते ज्यांची मूळ लेखकांना काळजी आहे. उष्माघाताने माणूस कोसळला तर मोठे रुग्णालय जवळ नाही. बुफेमध्ये शाकाहारी माणसाला निदान काय घ्यायचे ते डोळ्यांनी पाहून ठरवता येते, हेही मी महत्त्वाचे मानतो. जुन्याची आठवण ठेवावी, पण आईवडिलांना निजवायचे असेल तर मी नव्याच खोलीत निजवीन.

वाळूचा माग

टिंबिशा लोकांबद्दल आपण लिहिलेले शब्दशः खरे आहे आणि ते माझ्या लेखाला पूरक आहे असे मी मानतो. ज्या खोऱ्यात एका समाजाच्या मातीच्या भिंती पाडल्या गेल्या, तिथे मातीच्या भिंतींची नक्कल करणारा चौक नव्याने बांधणे मला अधिकच खटकते. माझा आग्रह कंपनीच्या जुन्या जाहिरातीसाठी नाही. गरीब आणि श्रीमंत, कामगार आणि पाहुणे एका टेबलावर बसतील अशी जागा राष्ट्रीय उद्यानात असावी, एवढाच तो आहे.

वातानुकूलनाचा मुद्दा मी मान्य करतो. पण नवी यंत्रे बसवण्यासाठी जागेचे स्वरूप बदलावे लागत नाही. उद्यानाच्या सीमेबाहेर डेथ व्हॅली जंक्शन येथे बोरॅक्स कंपनीनेच १९२३ ते १९२५ या काळात बांधलेली वसाहत आहे. मार्टा बेकेट या नर्तिकेने १९६७ साली तिथला ओसाड सभागार पाहिला आणि आयुष्यभर तो जपला. त्याशेजारचे अमार्गोसा हॉटेल आजही साधे आहे, त्याचे प्लास्टर जागोजागी उखडलेले आहे, तरी त्याच साधेपणासाठी लोक तिथे जातात.

खारवट

बेकेट बाईंचे उदाहरण माझ्या बाजूने जाते. त्यांनी कंपनीचा सभागार जसाच्या तसा ठेवला नाही. रिकाम्या खुर्च्यांसमोर नाचावे लागू नये म्हणून भिंतींवर राजाराणी, सरदार, ख्रिस्ती जोगिणी असा सोळाव्या शतकातील प्रेक्षकवर्ग रंगवला, छतावरही चित्रे काढली. म्हणजे जुन्या जागेत उघड आणि मोठा बदल केला. तो आपल्याला प्रिय वाटतो, कारण तो एका माणसाने कळकळीने केला. तेव्हा प्रश्न जुने-नवे हा नाही, कळकळीचा आहे, आणि कळकळ मोजण्याचे साधन नियमांत नसते.

दूरचा वाटसरू

एक गोष्ट दोघांच्याही लिखाणात राहून गेली आहे. फर्नेस क्रीकची इन आणि रँच ही उद्यानाच्या मधोमध असलेली खासगी जमीन आहे. तिथे कोणता कॅफे ठेवायचा आणि खोलीला किती भाडे घ्यायचे, हे उद्यान प्रशासन ठरवू शकत नाही. पश्चिमेकडच्या स्टोव्हपाइप वेल्सची गोष्ट वेगळी आहे. बॉब आइखबाउम यांनी १९२६ साली टाउन पास या खिंडीतून पथकराचा रस्ता काढला आणि त्याच्या टोकाला छोट्या बंगल्यांचे हॉटेल बांधले. ते वाळूच्या टेकड्यांच्या अधिक जवळ बांधायचे होते, परंतु लाकूड घेऊन जाणारे ट्रक वाळूत रुतले आणि जिथे रुतले तिथेच हॉटेल उभे राहिले, असे सांगतात. आज ते सरकारी मालकीचे असून ठेकेदारामार्फत चालते आणि त्याचे दर उद्यान प्रशासनाच्या मंजुरीने ठरतात. पॅनामिंट स्प्रिंग्स येथेही साधी सोय आहे, पण तीही खासगी.

म्हणून फर्नेस क्रीकच्या कॅफेबद्दल कितीही लिहिले तरी त्याचा परिणाम मर्यादितच राहील. स्टोव्हपाइप वेल्सच्या ठेक्याचे नूतनीकरण होईल तेव्हा मात्र आपले म्हणणे मांडता येईल. त्या वेळी न्याहारीचे साधे, स्वस्त उपाहारगृह ठेवण्याची अट असावी, काही खोल्या ठरावीक कमाल भाड्यातच द्याव्यात, आणि टिंबिशा लोकांना तिथे आपले तळलेले पाव व पदार्थ विकण्यास जागा मिळावी, अशी मागणी दोन्ही बाजूंचे लोक एकत्र करू शकतील.

खारवट

या तिन्ही मागण्यांना माझा पाठिंबा आहे. तिसरी मात्र पहिल्या क्रमांकावर लिहावी, आणि पत्र पाठवण्याआधी टिंबिशा जमातीच्या परिषदेला त्यांची इच्छा विचारावी.