नवीन नेते आले की परदेशातले लष्करी तळ खरंच हलतात का?

म्हापशेकर: मी बोटीवर असतो, बहारीनला गेलो की अमेरिकेच्या पाचव्या आरमाराची जहाजं दिसतात. नवीन नेते निवडणुकीत म्हणतात आम्ही परकं सैन्य घालवणार, कोणी खरंच करून दाखवलंय का?

फोंड्याचा_वाचक: केलंय की! इक्वेडोरचे राष्ट्राध्यक्ष कोरेआ यांनी मांता इथल्या अमेरिकन तळाचा करार वाढवलाच नाही, २००९ मध्ये अमेरिकन गेले. फिलिपिन्सच्या सिनेटने १९९१ मध्ये १२ विरुद्ध ११ मतांनी सुबिक बे या अमेरिकन नौदल तळाचा करार फेटाळला.

वास्कोकर: अरे पण पुढचं पण सांग ना, फिलिपिन्समध्ये २०१४ च्या नव्या करारानंतर अमेरिकन सैनिक परत यायला लागलेच, चीनची भीती. आणि जपानचे हातोयामा, अमेरिकेचा फुतेन्मा तळ ओकिनावा बेटाबाहेर नेतो असं सांगून २००९ मध्ये पंतप्रधान झाले, जमलं नाही, जून २०१० मध्ये राजीनामा. मला तरी वाटतं नेता कोण यापेक्षा शेजारी कोण यावर सगळं ठरतं, आणि ओकिनावाच्या लोकांचं मात्र कोणी ऐकत नाही याचं खूप वाईट वाटतं.

म्हापशेकर: पटतंय. तरी सेनेगल बघ, नवे राष्ट्राध्यक्ष फाय येऊन सव्वा वर्ष झालं आणि जुलै २०२५ मध्ये फ्रेंचांनी शेवटचा तळ सोडला. आमचे आजोबा सांगायचे, १९६१ मध्ये पण पोर्तुगीज जातील यावर गावात कितीजणांचा विश्वासच नव्हता.