पी०७०० हा एरर कोड दिसला म्हणून गिअरबॉक्स उतरवू नका
कसारा घाटात ऑटोमॅटिक गाडी एकाच गिअरला अडकली, स्कॅनरवर पी०७०० आला आणि मेकॅनिक म्हणतो गिअरबॉक्स उतरवू. अहो, थांबा जरा. पी०७०० हा नुसता निरोप्या आहे. गिअरबॉक्सच्या कंट्रोलरने ‘चेक इंजिनचा दिवा लाव’ एवढंच कळवलेलं असतं. खरा कोड त्या कंट्रोलरच्याच पोटात असतो, आणि स्वस्तातले ब्लूटूथ स्कॅनर बऱ्याचदा तिथवर पोचत नाहीत. ट्रान्समिशन वाचणारा स्कॅनर ज्याच्याकडे आहे तो माणूस गाठा. पी०७१५ निघाला तर इनपुट स्पीड सेन्सर किंवा त्याची वायरिंग बघायची. पी०७४१ म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सकडे नेणारा भाग) लॉक-अप, म्हणजे तो इंजिनशी थेट जोडला जाण्यातला बिघाड; तिथे मात्र खिसा सैल करायची तयारी ठेवा. (गाडी एएमटी, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच आपोआप चालवणारी, असेल तर हा प्रश्नच नाही, तिच्यात टॉर्क कन्व्हर्टर नसतोच.)

मलाही गेल्या पावसाळ्यात एकाने थेट ओव्हरहॉल सांगितलं होतं. अंबडला दुसऱ्याने गिअरबॉक्सच्या वायरिंगचा कनेक्टर उघडून दाखवला, तर आत पाणी आणि हिरवट गंज! साफ केला, गाडी आजही पळतेय.

बॅटरीचं व्होल्टेज आणि गिअरबॉक्सच्या ऑइलचा वासही बघून घ्या, जळका आला तर गोष्ट वेगळी. आणि खरा कोड वाचला जाईतोवर कोड पुसू देऊ नका. फ्रीझ फ्रेमचा (कोड आला त्या क्षणी साठवलेल्या गाडीच्या आकड्यांचा) फोटो काढून इथे टाका.