प्रति: ५० किमी डार्क फायबर (स्वतःची उपकरणं लावून वापरायची रिकामी फायबर), लिंक चालू पण वेग कमी

तुमची ५० किमीची फायबर चॅनल (स्टोरेज नेटवर्कची) लिंक चालू आहे, पण डेटा हळू जातो, असा प्रश्न आहे. एसएफपी (फायबर जोडायचं ऑप्टिकल मॉड्यूल) बदलायचा सल्ला या धाग्यात आधी आलाय, पण त्यावर पैसे घालू नका. लिंक स्थिर आहे, सीआरसी एरर (वाटेत डेटा बिघडल्याची नोंद) शून्य आहेत, म्हणजे ऑप्टिक्स ठीक आहे. मला हा सरळसरळ बफर क्रेडिटचा तुटवडा दिसतो. समोरून पोच यायच्या आधी किती फ्रेम (डेटाचे तुकडे) पाठवता येतात, ती मर्यादा म्हणजे क्रेडिट.

फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरमागे सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. ५० किमी जाऊन-येऊन ५०० झाले. ८ जी (सेकंदाला ८ गिगाबिट) वेगावर पूर्ण आकाराची फ्रेम साधारण २.५ मायक्रोसेकंदांत निघते, म्हणजे पाइप भरलेला ठेवायला किमान २०० क्रेडिट हवेत. आणि हे फ्रेम २ केबीच्या असतील तर! सरासरी १ केबीवर आली की गरज थेट दुप्पट.

ब्रोकेड स्विचवर आधी 'पोर्टबफरशो' ही कमांड चालवून किती बफर शिल्लक आहेत ते बघा. 'पोर्टस्टॅट्सशो'मध्ये क्रेडिट शून्य असल्याचा काउंटर भराभर वाढत असेल तर निदान पक्कं. मग दोन्ही टोकांना एलएस मोड (दिलेल्या अंतरानुसार पोर्टला जास्त बफर राखून ठेवणारी सेटिंग) सारखाच लावा. त्याला एक्स्टेंडेड फॅब्रिक्स लायसन्स लागतं. त्यात भरायचं अंतर नकाशावरचं नको, फायबरच्या मार्गाचं द्या, तेही थोडं वाढवूनच. बदलताना पोर्ट खाली जातो, तेव्हा दुसऱ्या फॅब्रिकवरचे (स्विचच्या वेगळ्या जाळ्यावरचे) पाथ चालू असल्याची खात्री करूनच हात घाला.